महामार्गाच्या संकल्पनातील काटकसरीचे नियम : सातिवलीच्या निमित्ताने

१

सरकारी बांधकामाच्या कागदपत्रांत ‘काटकसर’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला आहे; त्याचा अर्थ मात्र निदान चार वेळा पालटला. कोणाचा पैसा वाचवावयाचा, किती वर्षांच्या मुदतीत वाचवावयाचा आणि वाचलेला पैसा कोणाच्या पदरात पडावयाचा, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे त्या त्या काळी निरनिराळी दिली गेली आणि प्रत्येक उत्तराचे यथावकाश नियमांत रूपांतर झाले. हे नियम आजवर इतिहासकारांनी अभियंत्यांच्या स्वाधीन करून टाकलेले दिसतात. ते रुक्ष आहेत ही गोष्ट खरी. परंतु जमीनमहसुलाच्या धाऱ्याची कोष्टके ज्या आस्थेने वाचली जातात, त्या आस्थेने रस्त्याच्या जाडीची कोष्टके वाचली, तर राज्यसंस्थेचा स्वभाव त्यांतही तितकाच स्पष्ट दिसू लागतो.

विवेचनाला एखादे स्थळ हवे म्हणून सातिवली घेतली आहे. पालघर तालुक्यातील उष्णोदकाच्या झऱ्यांची सातिवली ती ही नव्हे. ही वसई तालुक्यातील, पूर्वेचा महामार्ग व पश्चिमेचे वसई रोड स्थानक यांच्या दरम्यानची, आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत असलेली आणि शेतीपेक्षा कारखान्यांच्या गाळ्यांसाठी अधिक ओळखली जाणारी. गोखिवरे व वालीव ही तिची शेजारगावे. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी मुंबई-अहमदाबाद महामार्ग, त्याच्या पश्चिमेस ही गावे, मग लोहमार्ग, आणि त्यापलीकडे मिठागरे व खाडी, असा येथील भूमीचा उतार आहे. डोंगरावर पडलेले पावसाळ्याचे पाणी समुद्राला मिळावयाचे तर त्याला प्रथम एक भराव ओलांडावा लागतो आणि पुढे दुसरा. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाही.

२

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबई इलाख्यात रस्ता करणे हे मुख्यतः लष्करी काम होते व त्याच्या खर्चाचा विचारही त्याच दृष्टीने होई. १८३० मध्ये सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्याच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद करण्यात आला त्यात पलटणींच्या हालचालीबरोबर मालवाहतुकीच्या खर्चाचाही विचार होता. बैलाच्या पाठीवरून जाणारा माल गाडीवर चढला की वाहतूक स्वस्त होते, ह्या साध्या अनुभवावर तो उभा होता. रस्त्यावर घातलेला पैसा रस्त्यावरून जाणाऱ्याच्या खिशात वाचतो, ही कल्पना म्हणजे पुढील दीडशे वर्षांच्या सर्व अर्थशास्त्रीय सूत्रांचे बीज होय.

डलहौसीच्या काळात, १८५४-५५ च्या सुमारास, सार्वजनिक बांधकाम खाते अस्तित्वात आले आणि लष्करी मंडळाचा कारभार संपला. ह्या खात्याने जी शिस्त घालून दिली ती आजही बव्हंशी टिकून आहे : आधी प्रशासकीय मान्यता, मग तपशीलवार अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता, मग निविदा, आणि निविदांपैकी सर्वांत कमी दराची स्वीकृती. ह्या शिस्तीत काटकसर म्हणजे मंजूर आकड्याच्या आत राहणे. अंदाजपत्रकातील प्रत्येक बाब खात्याने ठरविलेली, तिचा दर दरसूचीत छापलेला आणि तिचे माप मोजमाप-पुस्तकात नोंदवावयाचे. कंत्राटदाराने खडीच्या थराऐवजी दुसरी एखादी युक्ती सुचविली, तर तीत त्याचा लाभ काहीच नव्हता. उलट मापे कमी झाल्यामुळे त्याचे देयकच कमी झाले असते. अप्रामाणिकपणाला पायबंद घालण्यासाठी निर्माण झालेल्या ह्या पद्धतीने कल्पकतेलाही पायबंद घातला, हे नमूद करणे अवश्य आहे. तथापि तिच्यावर टीका करणाऱ्यांनी हेही पाहावे की मोजमाप-पुस्तकासारखे विश्वसनीय साधन इतिहासकाराला फार थोड्या खात्यांनी दिले आहे.

महाराष्ट्रात ह्या हिशेबाला एक निराळेच परिमाण होते, ते दुष्काळाचे. १८७६-७८ च्या दुष्काळापासून १९७२-७३ च्या अवर्षणापर्यंत खडी फोडणे हे दुष्काळी कामाचे जणू प्रतीकच बनले. ज्या रस्त्याची खडी दुष्काळी कामावर फोडली गेली त्याचा ‘खर्च’ नेमका किती? मजुरी द्यावयाचीच होती, रस्ता हा तिचा आनुषंगिक लाभ. १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने हाच विचार कायम केला व अकुशल मजुरीचा वाटा ६० टक्क्यांहून कमी नसावा, असे बंधन योजनेत आले. यंत्राने स्वस्त होणारे काम येथे नियमाच्या दृष्टीने महाग ठरते. अभियंत्यांना हे प्रमाण नेहमी जाचक वाटत आले. परंतु कोणत्या कार्यासाठी पैसा खर्च होत आहे हे आधी निश्चित केल्याविना काटकसरीचा अर्थ लागत नाही, हे तत्त्व त्यात अजाणता सांगितले गेले आहे. पुढे मूल्य-अभियांत्रिकी ह्या नावाने जे शास्त्र आले त्याचा आरंभ ह्याच प्रश्नापासून होतो.

३

मोटारींच्या आगमनाने काटकसरीचा दुसरा अर्थ पुढे आला. १९२७ मध्ये मध्यवर्ती सरकारने नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष मुकुंद रामराव जयकर हे होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच हे जयकर. कायदेपंडित म्हणून, राजकारणी म्हणून त्यांची ख्याती सर्वश्रुत आहे; रस्त्यांच्या अर्थशास्त्रातील त्यांचे कार्य मात्र त्यांच्या चरित्रात बहुधा कोपऱ्यात पडलेले असते. १९२८ च्या अहवालात समितीने असे प्रतिपादन केले की रस्त्यांचा विकास प्रांतांच्या व स्थानिक मंडळांच्या शक्तीबाहेर गेला असून तो राष्ट्रीय हिताचा विषय झाला आहे, आणि त्याचा भार मोटार इंधनावरील कराने उचलावा. त्यानुसार १९२९ मध्ये पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे करण्यात आला आणि वाढीव दोन आण्यांतून मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला.

ह्या दोन आण्यांत एक सिद्धान्त दडलेला आहे. चांगल्या रस्त्यावर गाडी कमी इंधनात, कमी झिजेत चालते. म्हणून जो वाचवतो त्याने त्या बचतीचा अंश रस्त्याला द्यावा. रस्त्याच्या खर्चाची तुलना आता अंदाजपत्रकाशी न होता वाहनाच्या खर्चाशी होऊ लागली. येथे एक विसंगतीही निर्माण झाली. त्या काळी रस्त्याचा पृष्ठभाग मोटारीच्या रबरी धावेपेक्षा बैलगाडीच्या लोखंडी धावेने अधिक उखडे आणि बैलगाडी तर पेट्रोल पीत नव्हती. म्हणजे नुकसान करणारा एक आणि कर देणारा दुसरा. रस्त्याची झीज कोणी करावी व भरपाई कोणी द्यावी, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. बैलगाडीच्या जागी आता अवजड मालमोटार आली आहे इतकेच.

आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने १९३३ चा मिचेल व कर्कनेस यांचा अहवाल अधिक महत्त्वाचा आहे. रस्ता व लोहमार्ग यांच्यातील स्पर्धा हा त्याचा विषय. लोहमार्गाला समांतर रस्ता बांधणे म्हणजे एकाच कामावर दोनदा सरकारी पैसा घालणे, अशी चिंता त्या काळी प्रबळ होती. वसईच्या पट्ट्यात बॉम्बे बरोडा रेल्वे १८६० नंतरच्या दशकातच आली होती. १८६७ पासून विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी धावू लागली. किनाऱ्यालगतची परंपरागत वाहतूक होड्यांची. अशा स्थितीत, खाड्यांवर मोठे पूल बांधून लोहमार्गाला समांतर हमरस्ता काढण्याची कल्पना त्या काळच्या काटकसरीच्या व्याख्येत बसणारी नव्हती. एका काळी उधळपट्टी वाटणारे काम पुढे देशातील अत्यंत गजबजलेल्या मार्गांपैकी एक ठरले. ह्यावरून त्या काळच्या अधिकाऱ्यांना अदूरदर्शी म्हणण्याचा मोह होतो. पण त्यांच्यापुढील आकडे त्यांच्या व्याख्येप्रमाणे बरोबरच होते.

जयकर समितीच्या शिफारशीतून १९३४ मध्ये भारतीय रस्ते महासभा स्थापन झाली आणि रस्त्यांच्या नियमांना प्रथमच एक लेखनिक मिळाला. १९४३ च्या डिसेंबरात नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय मार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग ही वर्गवारी तेथे निश्चित झाली. दर १०० चौरस मैलांस २६ मैल रस्ता असावा, असे लक्ष्य ठरले. वर्गवारी ही केवळ नावे देण्याची सोय नव्हती. कोणत्या रस्त्यावर किती रुंदी, किती वळण, किती जाडी शोभते हे त्यामुळे ठरू लागले. ‘जेवढी गरज तेवढाच खर्च’ हे तत्त्व वर्गाच्या चौकटीत बसले. जमीन भविष्यासाठी रुंद घ्यावी, पृष्ठभाग मात्र आजच्या रहदारीपुरताच बांधावा व पुढे टप्प्याटप्प्याने वाढवावा, ही गरीब देशाला साजेशी पद्धतही ह्याच काळात रुळली.

४

तिसरा अर्थ काळाशी निगडित आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ऑटवाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी अहोरात्र फिरवून एक प्रचंड प्रयोग करण्यात आला. त्याचा एक निष्कर्ष रस्ते-अर्थशास्त्राचा पाया ठरला : आसावरील भार वाढला की रस्त्याचे नुकसान त्याच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भारतीय रस्ते महासभेने लवचिक फरसबंदीची मार्गदर्शिका प्रथम १९७० मध्ये काढली. तीत जमिनीची धारणशक्ती व दिवसाला जाणाऱ्या व्यापारी वाहनांची संख्या एवढाच आधार होता. १९८४ च्या सुधारणेत वाहनांच्या संख्येची जागा ८.१६ टनांच्या प्रमाण-आसांच्या दशलक्षांतील गणनेने घेतली. १९७७ ते १९८२ दरम्यान झालेल्या रस्ता-वापरकर्त्यांच्या खर्चाच्या राष्ट्रीय अभ्यासाने खडबडीत रस्त्यावर इंधन, टायर, सुटे भाग व वेळ यांचा किती व्यय होतो हे आकड्यांत मांडले, आणि त्यावर आधारलेली महामार्ग प्रकल्पांच्या आर्थिक मूल्यमापनाची पुस्तिका १९९३ मध्ये आली. आता काटकसर म्हणजे पहिल्या दिवशीचा खर्च न राहता रस्त्याच्या संपूर्ण आयुष्यातील खर्च झाला : बांधणी, दुरुस्ती, आणि वापरणाऱ्यांचा खर्च ह्या सर्वांची बेरीज.

ही प्रगती निःसंशय मोठी होती. परंतु तिच्या पोटात एक गणिती युक्ती आहे, ती विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. भविष्यातील खर्च आजच्या मूल्यात आणताना बहुधा वर्षाला १२ टक्के वटाव धरला जातो. ह्या दराने ३० वर्षांनंतरचा एक रुपया आज जेमतेम ३ पैसे होतो. २० वर्षांनंतरचा सुमारे १० पैसे. हाच दर ६ टक्के धरला तर ३० वर्षांनंतरचा रुपया १७ पैशांचा ठरतो. म्हणजे आज मोरी मोठी करण्यास लागणारे पैसे पूर्ण वजनाने मोजले जातात आणि ती लहान राहिल्यामुळे तिसाव्या वर्षी बुडणारे गाव शंभरांपैकी तीन पैशांच्या वजनाने. वटावाचा दर निवडणे हे अर्थखात्याचे काम मानले जाते, ते वास्तविक नीतिशास्त्राचेही काम आहे. असो, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

नियम परस्परांना कसे छेद देतात याचे अलीकडील उदाहरण द्यावयाचे तर २०१८ च्या जुलैमधील आसभाराच्या अधिसूचनेचे देता येईल. वाहतूक स्वस्त व्हावी म्हणून मालमोटारींच्या अनुज्ञेय भारात वाढ करण्यात आली. चार चाकांच्या एका आसाचा भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेला. वाढ सुमारे १३ टक्क्यांची. चौथ्या घाताचा नियम लावला तर प्रत्येक आसामागे रस्त्याच्या झिजेत होणारी वाढ ६० टक्क्यांच्या वर जाते. भार उचलणाऱ्या मालकाची बचत आणि रस्ता दुरुस्त करणाऱ्या खात्याचा भुर्दंड एकाच सरकारच्या एकाच मंत्रालयाच्या दोन वह्यांत लिहिला गेला. प्रत्यक्षात पूर्वीही गाड्या ओव्हरलोड चालतच होत्या, त्यामुळे ही सारी वाढ नवीन होती असे म्हणता येणार नाही. तरी वह्या दोन होत्या हे खरेच.

५

आता मूल्य-अभियांत्रिकीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीला हवा तो माल मिळेनासा झाला आणि पर्यायी वस्तू वापराव्या लागल्या. त्यांतील कित्येक वस्तू मूळच्याहून स्वस्त व चांगल्या निघाल्या. हे योगायोगाने का घडावे, पद्धतशीरपणे का घडू नये, असा प्रश्न लॉरेन्स माइल्स ह्या अभियंत्याने विचारला व १९४७ च्या सुमारास मूल्यविश्लेषणाची पद्धती बसविली. १९५४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी विभागाने ती उचलली आणि मूल्य-अभियांत्रिकी हे नाव रूढ झाले. तिचा गाभा एका प्रश्नात आहे : ही वस्तू काय आहे हे बाजूला ठेवा, ती काय करते ते सांगा, तेही एक नाम व एक क्रियापद एवढ्याच शब्दांत. मग तेच कार्य कमी खर्चात कशाने होईल ते शोधा. मराठीत आपण किंमत, खर्च व मूल्य हे तीन शब्द वेगळे राखले आहेत, त्यामुळे ही पद्धती समजण्यास आपल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी वाचकाहून कमी कष्ट पडावेत.

महामार्गांच्या नियमांत तिचा प्रवेश अमेरिकेत १९९७ मध्ये ठळकपणे झाला. राष्ट्रीय महामार्ग जाळ्यावरील अडीच कोटी डॉलर व त्याहून अधिक खर्चाच्या प्रत्येक केंद्र-साहाय्यित प्रकल्पाचे मूल्य-अभियांत्रिकी विश्लेषण करणे बंधनकारक ठरले. २०१२ च्या कायद्याने ही मर्यादा महामार्गांसाठी पाच कोटी व पुलांसाठी चार कोटी डॉलर केली आणि एक सूट दिली : संकल्पन व बांधणी ही दोन्ही कामे एकाच कंत्राटदाराकडे असतील तेथे हे विश्लेषण सक्तीचे नाही. कंत्राटदार स्वतःच्या लाभासाठी काटकसर करीलच, असे त्यामागील गृहीत.

हे गृहीत आपल्याकडील घडामोडींशी ताडून पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय अभियंता महासंघाच्या १९९९ च्या करारनमुन्यात कंत्राटदाराने सुचविलेल्या बचतीचा अर्धा वाटा त्याला देण्याची तरतूद आली; दरसूचीच्या जुन्या पद्धतीत जी प्रेरणा नव्हती ती येथे कलमाने उत्पन्न केली. भारतात २०१२ नंतर केंद्रीय मंत्रालयाने संकल्पनासह बांधणीचा ठोक रकमेचा करार स्वीकारला. त्यात बाबवार मापे गेली. त्यांच्या जागी मानके व कार्यक्षमतेच्या अटी आल्या. मानकांच्या चौकटीत जे वाचेल ते कंत्राटदाराचे. २०१६ मध्ये मंत्रालयाने मूल्य-अभियांत्रिकी कार्यक्रम जाहीर केला. नवी द्रव्ये, नवी तंत्रे व नवी यंत्रे यांच्या योगे बांधणीचा खर्च कमी करावा, काम लवकर व्हावे आणि ते अधिक टिकाऊ व पर्यावरणाला कमी उपद्रवी असावे, असा त्याचा उद्देश होता. औष्णिक केंद्रांतील राख भरावात वापरण्याचा आग्रह तर १९९९ च्या पर्यावरण-अधिसूचनेपासूनच होता; तेव्हाची ५० कि.मी.ची कक्षा २००३ मध्ये १०० व २०१६ मध्ये ३०० कि.मी. झाली. डांबरात टाकाऊ प्लॅस्टिक मिसळण्याच्या मार्गदर्शिकाही २०१३ पासून आहेत. सर्वांत कमी दराच्या निविदेचे साम्राज्यही २०२१ च्या ऑक्टोबरातील वित्त मंत्रालयाच्या सूचनांनी किंचित सैल केले. विशिष्ट कामांत गुणवत्तेला कमाल ३० टक्के वजन देण्याची मुभा मिळाली.

बचत कोणाची, ह्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने शासनाकडून कंत्राटदाराकडे सरकले. ते अयोग्यच आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्याला बचतीचा लाभ त्यालाच दोषाचा भार, आणि तोही रस्त्याच्या आयुष्याइतका लांब, अशी योजना असेल तरच हिशेब सरळ राहतो. काँक्रीटच्या फरसबंदीचे संकल्पन ३० वर्षांच्या आयुष्यासाठी होते. दोषदायित्वाचा काळ त्याहून पुष्कळ आखूड असतो. मधली वर्षे कोणाच्या वहीत लिहावयाची?

६

आता पुन्हा सातिवलीकडे. राष्ट्रीय महामार्ग क्र. ८ हा २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर क्र. ४८ झाला. त्याच्या सुरत-दहिसर ह्या २३९ कि.मी. टप्प्याचे सहापदरीकरण बांधा-वापरा-हस्तांतरित करा तत्त्वावर १२ वर्षांच्या करारान्वये झाले. पुढे डांबरी पृष्ठभाग वारंवार उखडू लागल्यामुळे दहिसर ते गुजरात सीमेपर्यंतच्या सुमारे १२१ कि.मी. लांबीवर सिमेंट काँक्रीटचा थर चढविण्याचे काम हाती घेण्यात आले व ते २०२४ मध्ये जोरात चालू होते. त्या काळात येथील वाहतूककोंडी तासन्‌तास टिकत असे.

डांबरावर काँक्रीट चढविण्याची ही पद्धती मूल्य-अभियांत्रिकीचे उत्तम उदाहरण म्हणावयास हरकत नाही. जुना डांबरी रस्ता उखडून टाकावयाचा नाही. त्यालाच नव्या थराचा पाया करावयाचा. महासभेने ह्यासाठी २००८ मध्ये तात्पुरती मार्गदर्शिका काढली व २०१५ मध्ये ती सुधारली, १०० मि.मी.पर्यंतचा थर अतिपातळ, १०० ते २०० पातळ आणि त्यावरचा पारंपरिक अशी तीत वर्गवारी आहे. जुन्या रस्त्यात गुंतलेला पैसा वाया जात नाही, दुरुस्तीची खेप लांबते, डांबराच्या आयातीचा प्रश्न सौम्य होतो. नाम व क्रियापद यांच्या कसोटीवर : ‘भार पेलणे’ हे कार्य कमी खर्चात साधले.

पण महामार्ग येथे दुसरेही एक कार्य करीत असतो आणि ते कोणत्याही संकल्पचित्रात लिहिलेले नसते. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी उत्तर-दक्षिण पडलेला हा भराव ‘पाणी अडविणे’ हे कार्य करतो. त्याच्या विरुद्ध ‘पाणी सोडणे’ हे कार्य मोऱ्यांकडे दिलेले आहे. थर चढला की रस्त्याची पातळी चढते. सेवा रस्ता, गटारे व शेजारची जमीन खालीच राहिली तर रस्त्यावरचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात उतरते. एका वहीतील बचत दुसऱ्या वहीत नुकसान होऊन निघते, आणि ती दुसरी वही प्रकल्पाची नसून गाळेवाल्याची वा शेतकऱ्याची असते.

मोरीचे माप ठरविण्याचा जो नियम आहे त्यालाही दोष देऊन चालणार नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण स्थानिक चर्चेत मोऱ्या लहान आहेत एवढेच बोलले जाते. पश्चिम महाराष्ट्रातील पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातील क्लॉड इंग्लिस यांनी बसविलेले सूत्र आजही वापरात आहे. पाणलोटाचे क्षेत्र चौरस किलोमीटरांत घेऊन त्यास १२४ ने गुणावे आणि क्षेत्र अधिक १०.४ ह्या बेरजेच्या वर्गमुळाने भागावे, म्हणजे सेकंदाला घनमीटरांत पुराचा विसर्ग मिळतो. उदाहरणादाखल २ चौ. कि.मी.चा पाणलोट धरला तर विसर्ग सुमारे ७० घनमीटर येतो. हे पाणी साऱ्या क्षेत्रावर पसरले तर तासाला सुमारे १२५ मि.मी. इतके भरते, पडलेला सर्व पाऊस एक थेंबही न मुरता वाहून आला तरच एवढा पूर यावा. हे सूत्र कंजूष खचित नाही. एका परीने ते जुन्या खात्याच्या सावधपणाचे स्मारक आहे.

मग पाणी का तुंबते? सूत्र मोरीच्या वरच्या अंगाचे पाणी मोजते; खालच्या अंगाला ते कोठे जाते हा प्रश्न ते विचारीत नाही. सूत्र बसविले गेले तेव्हा मोरीखालून निघालेले पाणी भातखाचरांत, तेथून नाल्यांत, मिठागरांत आणि खाडीत पसरत असे, व पसरायला जागा आहे हे न बोलता गृहीत होते. सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यात गाळे उठले, महामार्गाच्या कडेने मातीचे भराव पडले, नाले अरुंद झाले. मोरीचे तोंड कितीही रुंद असले तरी पुढचे तोंड बुजले की तिचे नाव मोरी आणि काम बांधाचे. सासूनवघर-मालजीपाडा या पट्ट्यात अलीकडच्या पावसाळ्यांत महामार्गावरच पाणी चढल्याच्या घटना घडल्या त्या ह्याच प्रकारच्या. २००५ च्या २६ जुलैस सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला; २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा भागात पाणी भरून रेल्वेगाड्या जागीच अडकल्या व मिठागर वस्तीतील लोकांना पाण्याने वेढले. ह्या घटनांनंतर पाणी कोणी अडविले ह्याबद्दल महानगरपालिका, महामार्ग प्राधिकरण, रेल्वे व महसूल खाते यांच्यापैकी कोणा एकाकडे पूर्ण उत्तर असणे शक्यच नव्हते. प्रत्येकाने आपापल्या हद्दीतील पाणी आपापल्या सूत्राने मोजलेले असते.

आर्थिक मूल्यमापनाच्या पद्धतीत रस्ता वापरणाऱ्याचा खर्च येतो, हे वर सांगितलेच. जो रस्ता वापरत नाही पण रस्त्याच्या खालच्या अंगाला राहतो, त्याच्यासाठी तिच्यात ठरावीक रकाना नाही. पुरामुळे सातिवलीतील एखाद्या गाळ्यातील यंत्राची मोटार जळाली, आठवडाभर मजुरी बुडाली, तर तो व्यय महामार्गाच्या अंतर्गत परतावा-दरात कोठेही उतरत नाही. उतरविता येणार नाही असे मात्र नाही. इंधन, टायर, वेळ, अपघात यांची किंमत एकेकाळी अशक्य वाटत होती. १९७७ नंतरच्या अभ्यासाने ती पाच वर्षांत बसविली. त्याच धर्तीवर एका पावसाळ्यात दहिसर ते मनोर दरम्यान महामार्गाच्या दोन्ही अंगांच्या वस्त्यांत पाणी किती उंचीपर्यंत व किती तास राहिले, किती गाळे बंद पडले, किती मजुरी बुडाली, याची नोंद घेणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एखाद्या तुकडीला अवघड नाही. भिंतीवरील पाण्याच्या रेषा हे ह्या कामाचे पहिले साधन. त्या पुढील रंगकामापर्यंतच टिकतात. दुसरे साधन म्हणजे ग्रामपंचायतींची जुनी दप्तरे व सर्व्हेचे नकाशे, ज्यांत नाले अद्याप आपल्या मूळ रुंदीने काढलेले आहेत. २००९ मध्ये महानगरपालिका व २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला तेव्हा ही कागदपत्रे एका कचेरीतून दुसरीत हलली. ती कोणत्या कचेरीत, कोणत्या रुमालात आहेत ह्याची यादी करण्यापासूनच आरंभ करावा लागेल.